वीस वर्षे समाजकार्य केले, मग शिकायला बसलो

एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. जयंतीचा मंडप उतरला होता आणि विहारात आम्ही चार-पाच कार्यकर्ते वर्गणीचा हिशोब घेऊन बसलो होतो. आम्ही बी.कॉम., त्यातून नोकरीने कारकून, म्हणून जमाखर्चाची वही दर वर्षी आमच्याच गळ्यात पडते. मंडपवाल्याचे बिल जुळत नव्हते. तेवढ्यात मागल्या गल्लीतल्या एक ताई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या या ताई कामाशिवाय कोणाच्या दारात उभ्या राहत नाहीत.

"भाऊ, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी बारावीला बसली. ती म्हणते, समाजसेवेची डिग्री करायची. तुम्ही सगळे तर समाजसेवा फुकटच करता. मग ती पैसे भरून काय शिकणार?"

बसलेले सगळे हसले. आम्हीही हसलो. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खराच प्रश्न विचारला होता आणि त्यांना खरे उत्तर हवे होते. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्हीही म्हणालो असतो, "ताई, समाजसेवा रक्तात असावी लागते, ती कॉलेजात शिकवत नाहीत." आज तसे म्हणण्याचे धाडस होत नाही. कारण वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आम्ही स्वतःच समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी एका मुक्त विद्यापीठात नाव घातले आहे. दिवसा कचेरी, रात्री पुस्तक आणि सुट्टीच्या दिवशी क्षेत्रकार्य, असा आमचा क्रम चालू आहे. ताईंना त्या दिवशी उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. ते येथे सविस्तर देत आहोत. असा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत विचारला जात असेल.

चुकलेला शेरा

आधी आमची चूक सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी विहारातल्या अभ्यासिकेत एक मुलगा येत असे. अकरावीला होता, गणितात हुशार होता. मग तो येईनासा झाला. आला तरी पुस्तकावर डोके ठेवून झोपायचा. एका रविवारी सगळ्यांसमोर आम्ही त्याला झापले. बाबासाहेब दिव्याखाली कसे शिकले ते सांगितले आणि तुला फुकट दिवा आहे, फुकट खुर्ची आहे, तरी तू झोपतोस, असे म्हणालो. मुलगा खाली मान घालून उठला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. पुढे कळले की वडिलांनी अंथरूण धरले होते आणि हा मुलगा रात्री एका कुरिअरच्या गोदामात पार्सले लावत होता. त्याची बारावी राहून गेली ती राहूनच गेली. आजही रस्त्यात भेटला की तो "जयभीम काका" म्हणतो. आम्हाला मात्र त्याच्याकडे नीट बघवत नाही.

पहिल्या वर्षी क्षेत्रकार्यात एका वस्तीतल्या घरभेटींचा अहवाल आम्ही लिहिला. एका घराविषयी लिहिले : "मुलगा आळशी असून त्यास शिक्षणाची गोडी नाही." आमच्या मार्गदर्शक मॅडमनी "आळशी" या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि विचारले, "हे तुम्ही पाहिलं की ठरवलं?"

आम्ही गप्प झालो. वीस वर्षे कचेरीत नस्ती लिहिणारा माणूस मी, नोंद वेगळी आणि शेरा वेगळा हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आधी वस्तुस्थितीची नोंद, मग त्याखाली शेरा. कागदाच्या बाबतीत आम्ही हे कटाक्षाने पाळतो. माणसाच्या बाबतीत मात्र आधी शेरा मारून मोकळे होतो. त्या लाल गोलात आम्हाला तो गोदामातला मुलगा दिसला. समाजकार्य का शिकावे लागते, याचे पहिले उत्तर आम्हाला तेथे मिळाले.

हे शिक्षण आले कुठून?

वस्तीत राहून वस्तीसाठी काम करण्याची एक पद्धत १८८४ साली लंडनच्या गरीब भागात टॉयन्बी हॉल या संस्थेने सुरू केली. सुशिक्षित तरुणांनी गरिबांच्या शेजारी राहायचे, त्यांच्यासाठी वर्ग चालवायचे, त्यांचे प्रश्न समजून घ्यायचे. याच धर्तीवर आपल्या मुंबईत, नागपाड्याला, क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२० च्या दशकात नेबरहुड हाऊस काढले. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. भारतात समाजकार्याचे पद्धतशीर व्यावसायिक शिक्षण येथून सुरू झाले. १९४४ साली त्या विद्यालयाचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, १९५४ साली ते देवनारला गेले आणि १९६४ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे मुंबईत १९५५ साली निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था अशी महाविद्यालये निघाली.

पण हे काम आपल्या लोकांना कोणी परक्याने येऊन शिकवले असे समजू नये. नागपाड्याचे विद्यालय निघण्याच्या बारा वर्षे आधी, १९२४ साली, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिची कचेरी होती. मुलांसाठी वसतिगृह आणि लोकांसाठी वाचनालय, ही त्या सभेची कामे होती. १९२५ साली सोलापूरला वसतिगृह निघाले. आज पाठ्यपुस्तकात "समुदाय संघटन" या मथळ्याखाली जे शिकवतात, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी चाळीच्या गॅलरीत बसून केले आहे. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. म्हणून पदवी निरुपयोगी आहे असे मात्र ठरत नाही. खुद्द बाबासाहेबांनी नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांच्या अडचणी ओळखल्या आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कशासाठी, याचा विचार करावा.

इंग्लंडमध्ये तरुणांबरोबरच्या आणि वस्तीतल्या कामाची "युथ अँड कम्युनिटी वर्क" नावाची वेगळी पदवीच आहे. तेथे १९६० साली अल्बेमार्ल समितीचा अहवाल आला. पोरांचे क्लब कसेबसे चालवून भागणार नाही, त्यासाठी शिकलेला कार्यकर्ता हवा, असे त्या अहवालानंतर सरकारने मान्य केले आणि १९६१ साली लेस्टर शहरात युवक कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. २०१० पासून तर नव्याने पात्र होणाऱ्या व्यावसायिक युवक कार्यकर्त्याला तेथे पदवी आवश्यक झाली. आपल्याकडे हा विषय मुख्यतः समाजकार्याच्या पदवीत येतो. बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एम.एस.डब्ल्यू. बी.एस.डब्ल्यू. तीन वर्षांची, नव्या शैक्षणिक धोरणाने त्यापुढे ऑनर्सचे चौथे वर्ष आले आहे. केवळ युवकांच्या विकासाचे उच्च शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९९३ साली तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूर येथे स्थापन झाली. तिला राजीव गांधी यांचे नाव आहे.

शिकवतात तरी काय?

ताईंचा प्रश्न हाच होता. थोडक्यात सांगायचे तर तीन मुख्य कामे शिकवतात. एक, व्यक्तीबरोबरचे काम : अडचणीतल्या माणसाचे ऐकून घेणे, त्याची परिस्थिती समजून घेणे आणि त्याचा निर्णय त्यालाच घेऊ देणे. दुसरे, गटकार्य : दहा-बारा मुलांचा, बायांचा किंवा व्यसन सोडू पाहणाऱ्यांचा गट बांधणे आणि गटातल्या गप्प माणसालाही बोलते करणे. तिसरे, समुदाय संघटन : वस्तीचा प्रश्न वस्तीनेच ओळखावा, वस्तीनेच सोडवावा आणि कार्यकर्त्याने मागे उभे राहावे. याशिवाय मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, संशोधन आणि संस्थेचा कारभार हे विषय असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे क्षेत्रकार्य. नियमित महाविद्यालयात मुलांना आठवड्यातले ठरावीक दिवस रुग्णालय, बालगृह, शाळा, झोपडवस्ती अशा ठिकाणी पाठवतात. आल्यावर अहवाल लिहावा लागतो आणि मार्गदर्शक तो ओळीओळीने तपासतात. दूरशिक्षणातही क्षेत्रकार्य सुटत नाही. ते केल्याशिवाय पदवी हाती पडत नाही.

आमच्यासारख्या कार्यकर्त्याला यात सर्वांत अवघड काय गेले असेल तर ते गप्प बसणे. माइक हातात आला की आम्ही पाऊण तास बोलू शकतो. पण एखाद्या बाईच्या घरी बसून, तिचे बोलणे मध्येच न तोडता, उपदेश न करता वीस मिनिटे ऐकणे आम्हाला जमत नव्हते. आमच्या सौ. हे ऐकून म्हणाल्या, "लग्नाला अठरा वर्षं झाली, हे मी तुम्हाला फी न घेता सांगत होते."

अभ्यासिकेचा धडा

शिकलेले वस्तीत वापरून पाहावे म्हणून आम्ही आमच्याच विहाराची अभ्यासिका निवडली. वेळ संध्याकाळी सात ते नऊ. पटावर चौदा मुले-मुली आणि प्रत्यक्षात बसणारे तीन. आजवर आम्ही याला एकच कारण देत होतो : मोबाइल. पोरे बिघडली, असा शेरा मारून समितीच्या बैठका संपत होत्या.

या वेळी शेरा बाजूला ठेवला आणि चौदाही घरी गेलो. चहा घेतला, वही उघडली नाही, नुसते ऐकले. तेव्हा नोंद झाली ती अशी. संध्याकाळी सव्वासातला नळाला पाणी येते आणि पाणी भरायचे काम मुलींकडे असते. सार्वजनिक संडासामागून विहाराकडे येणाऱ्या बोळातला दिवा बंद आहे, तेथे टवाळ पोरे बसतात, म्हणून दोन आयांनी मुलींना अंधारात पाठवणे थांबवले आहे. चार मुलगे रात्री दहापर्यंत घरपोच सामान पोचवण्याचे काम करतात. एका मुलाला कमी दिसते आणि चष्म्याला पैसे नाहीत, हे त्याने घरीसुद्धा सांगितले नव्हते. चौदापैकी मोबाइलपायी न येणारे दोन होते.

पूर्वीचे आम्ही असतो तर लगेच नवे वेळापत्रक काढून फळ्यावर लावले असते. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही ठरवू नका. त्यांना बसवा." मग एका रविवारी चौदाही जणांना बसवले. मुलींनीच सांगितले की वेळ आठ ते दहा करा आणि आत एक बाई माणूस बसलेले असू द्या. महिला मंडळातल्या एका आजींनी किल्ली स्वतःकडे घेतली. त्यांना अक्षरओळख नाही, पण आठ वाजता कुलूप उघडते म्हणजे उघडते. बोळातल्या दिव्याचा अर्ज मुलींनी स्वतः लिहिला, वॉर्ड ऑफिसात तीन खेपा घातल्या आणि दोन महिन्यांनी दिवा लागला. अर्ज आम्ही लिहिला असता तर कदाचित लवकर लागला असता. पण पुढच्या अर्जासाठी त्या पुन्हा आमच्याकडेच आल्या असत्या.

आज रोज अकरा जण बसतात. रात्री काम करणाऱ्या चौघांपैकी एक जण फक्त रविवारी येतो आणि दोघे आलेच नाहीत. त्यांच्या घरचा प्रश्न अभ्यासिकेने सुटणारा नाही, हेही आम्ही नोंदीत लिहिले. सगळे यश आपल्या नावावर आणि सगळे अपयश पोरांच्या नावावर लिहिण्याची सवय आता सोडायची आहे.

पैसा आणि नोकरी

आता पोटाचा प्रश्न. मुलामुलींच्या घरी हा प्रश्न आधी येतो आणि तो यायलाच पाहिजे.

समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, बाल संरक्षण विभागात अधिकारी किंवा समुपदेशक, नगरपालिका-महानगरपालिकांत समुदाय संघटक अशी कामे मिळतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हापासून कारखान्यांतही या शिक्षणाला जागा झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले, त्यामुळे तेथेही माणसे लागतात. स्वयंसेवी संस्था तर आहेतच.

पण दुसरी बाजू लपवणार नाही. यांतल्या कित्येक जागा कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. सुरुवातीचा पगार पुष्कळदा कमी असतो. बँकेची परीक्षा पास झालेला मुलगा आणि संस्थेत काम करणारी मुलगी यांच्या पगारात फरक राहतो. हे माहीत असूनही ज्याला हे काम करावेसे वाटते, त्यानेच या वाटेला यावे. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून येऊ नये.

फीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ही योजना १९४४ सालापासून चालत आलेली आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाच ती सुरू झाली. १९९० साली केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, हे आपल्या नव्या पिढीने लक्षात ठेवावे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्य शासनाची, बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे कागद निकालाआधीच तयार ठेवा. उत्पन्नाची मर्यादा आणि शेवटची तारीख त्या त्या वर्षी तपासून घ्या. वर्गात बसायला मिळते पण कागद अपुरा म्हणून शिष्यवृत्ती अडते, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आणि जे आमच्यासारखे नोकरीत अडकले आहेत, त्यांच्यासाठी दूरशिक्षण आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने कोणत्याही शाखेच्या पदवीधराला एम.एस.डब्ल्यू.चे दार उघडले. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र पूर्ण वाचा. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. आम्हीही एक पान वाचायला तासभर घेत होतो. आता वीस मिनिटे लागतात.

ताईंच्या घरी

परवा आम्ही ताईंच्या घरी जाऊन आलो. मुलीचे वडील रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखं बी.कॉम. करून कुठं चिकटली असती तर बरं. पोरीच्या जातीनं लोकांची भांडणं सोडवत फिरायचं का?"

आम्ही नोकरीच्या दोन्ही बाजू त्यांना सांगितल्या. मग मुलीला विचारले, तुला हेच का शिकायचे आहे? इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, "काका, आजीच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही सरकारी दवाखान्यात दोन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होतो. आई रडत होती. तेव्हा एका टेबलावरच्या मॅडमनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कुठला कागद कुठं द्यायचा ते लिहून दिलं. आजीचं ऑपरेशन पैशांविना झालं. मी बोर्ड वाचला, समाजसेवा अधीक्षक. मला त्या खुर्चीवर बसायचंय."

घरात कोणी काही बोलले नाही. ताईंनी पदराने डोळे पुसले. वडील बराच वेळ रिक्षाची किल्ली बोटात फिरवत बसले. ते हो म्हणाले नाहीत. पण निघताना त्यांनी आम्हाला विचारले, "प्रवेशाला पहिल्यांदा किती भरावे लागतील?" आम्ही हिशोब कागदावर मांडून दिला. शिष्यवृत्ती उशिरा येते, म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या बस-प्रवासाचा खर्चही त्यात धरला. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आहे.

बारावीचा निकाल लागायचा आहे. आमचीही परीक्षा जवळ आली आहे. ती मुलगी आणि आम्ही सध्या एकाच अभ्यासिकेत, समोरासमोरच्या बाकांवर बसतो. ती आमच्याकडून जमाखर्च समजून घेते आणि आमचे इंग्रजी शब्द ती शब्दकोशातून काढून देते.

ज्या घरात असाच प्रश्न असेल त्यांनी मुलामुलींना आधी विचारावे, का शिकायचे आहे? उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. मग कागद घेऊन आपल्या जवळच्या विहारातल्या शिकलेल्या कार्यकर्त्याकडे जावे. आमच्या वस्तीतल्यांनी आमच्याकडे यावे. रात्री आठ ते दहा आम्ही तेथेच असतो. दार आजी उघडतात.